दुसऱ्या खंडातला शब्द

— नाही, हे नको, परत ठेवा. कव्हर गुळगुळीत आहे म्हणून मी फसायची नाही, मागच्या वेळी फसले तेवढं पुरे. आणि सोपं व्याकरण कोणी मागितलं तुमच्याकडे? सोपं असेल तर तोही शिकेल ना. तो म्हणजे कोण काय, जावई. जावयाला अरेतुरे करू नये, माहितीये मला, पण तो समोर नाहीये आणि तुम्ही काही सांगायला जाणार नाही. मला अवघड द्या. जिला कोणी हात लावत नाही अशी भाषा द्या — बोलणारे कुठेतरी डोंगरापलीकडे राहतात आणि खाली उतरत नाहीत, अशी. आहे? मग चढा शिडीवर. आणि असं दचकू नका, मी ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे. बस स्थानकावर घोषणा करायचे मी, सगळी नोकरी तिथेच गेली. मी निवृत्त झाले, आवाज झाला नाही. कुजबुजले तरी खालच्या मजल्यावरचा माणूस वर येऊन विचारतो, कुठली गाडी लागली म्हणून. मग सांगा, असल्या आवाजाच्या बाईने स्वतःच्या घरात मुलीशी खासगी बोलायचं कसं? दार लावून? दाराला काय होतंय. फोनवर? ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, मी फोन केला की नंबर तपासायला बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा मला उत्तर देतं. म्हणून भाषा लागते. परकी. आता तरी कळलं?

नाही कळलं. तोंडावर दिसतंय. ऐका मग — आणि ते पुस्तक खाली ठेवा आधी, पडेल.

हा जावई आमच्याकडे आला तो भाडेकरू म्हणून. त्याच्या देशातून आला, आपल्या भाषेचा शब्दकोश करायला. मी म्हटलं, चांगला माणूस, शब्दकोश करणारा काय गोंधळ घालणार. खोली दिली. मुलगी त्याला शब्दांचे अर्थ सांगायला बसायची, ते अर्थ काही संपेनात, मग लग्न झालं. ते असो. पण लग्नानंतर तो खोलीतून जेवणाच्या टेबलावर आला कामाला. सकाळपासून तिथेच. कार्डं पसरलेली, पेन्सिली, टाचण्या, आणि कान माझ्याकडे. मी काही बोलले की कार्ड. शिंकले की कार्ड. मला वाटायचं, लिहू दे बापडा, आपलं काय जातंय. मग एक दिवस टेबल पुसताना मी एक कार्ड वाचलं — शब्द होता 'अधाशी', समोर अर्थ, खाली उदाहरण: 'हा अधाशी मेला पुन्हा वाढून घेतोय, बघ.' माझं वाक्य. मी मुलीला स्वयंपाकघरात म्हटलेलं, अगदी हळू. आणि त्याच्यापुढे कंसात काय, तर 'प्रेमळ तक्रार'. मला विचारलं का, प्रेमळ आहे की काय आहे ते? छापायला जाणार होतं हो ते. म्हणजे या घरात तोंड उघडणं आणि छापखान्यात मजकूर देणं एकच. आमचे हे म्हणाले, मग बोलू नकोस. ते स्वतः लग्नापासून बोलत नाहीत, त्यांना सोपं आहे.

तर तेव्हा आम्ही दोघी तुमच्याकडे आलो. आठवतं? तुम्ही या इथेच उभे होतात आणि आम्हाला शिकवत होतात — व्याकरण घेताना मागे उत्तरं आहेत का बघा, धडे छोटे आहेत का बघा, सुरुवातीलाच सगळी कोष्टकं देणारं पुस्तक घेऊ नका, आणि शब्दकोश मात्र खिशातला घ्याल तर रडाल, जाडजूड घ्या, उदाहरणांसकट घ्या. फार छान सांगितलंत. मागे उत्तरं होती. पण पुस्तकातली उत्तरं पुस्तकातल्याच प्रश्नांची असतात, हे नाही सांगितलंत. आमच्या व्याकरणाच्या तिसऱ्या धड्यात राजदूताचा घोडा आजारी पडतो. आठव्या धड्यापर्यंत तो आजारीच. मला मुलीला सांगायचंय की तुझा नवरा ओला टॉवेल गादीवर टाकतो, आणि मी आपली घोड्याला ताप आहे, घोड्याला ताप आहे, करत बसलेय. म्हणून मग आम्ही शब्दकोशावर भर दिला. तो दोन खंडांचा. तुम्हीच काढून दिलात, वरून म्हणालात, या भाषेचा याच्यासारखा दुसरा नाही, आमच्याकडे वर्षानुवर्षं कोणी मागितलाच नव्हता. मी खूश. कोणी मागत नाही म्हणजे आमच्याच कामाचा.

आता यात हसण्यासारखं काय आहे ते मला माहितीये, तेव्हा तुम्ही हसू नका. आम्ही खंड वाटून घेतले. पहिला मी, दुसरा ती. दोघींनी सगळं पाठ करण्यापेक्षा अर्धं अर्धं करू, लवकर होईल — असं मीच म्हटलं. स्थानकावर आम्ही तसंच करायचो, उत्तरेच्या गाड्या एकीकडे, दक्षिणेच्या दुसरीकडे, कधी अडलं नाही. आणि ठरवलं की एकमेकींच्या खंडाला हात लावायचा नाही, नाहीतर गोंधळ होतो. रविवारी दुपारी दोघी गच्चीवर बसायचो. ती तिचा खंड मांडीवर घेऊन, मी माझा. मोठी झाल्यापासून ती माझ्याजवळ इतका वेळ कधी बसली नव्हती. पाठ काय, मी तर शेवटी शेवटी तेच तेच पान — ते जाऊ दे.

मग एका जेवणाला मी ठरवलं, आज बोलायचं. त्याने वाढून घेतलं. मी मुलीकडे बघितलं आणि त्या भाषेत म्हटलं — अधाशी, बैल, पातेलं. सगळे पहिल्या खंडातले. ती बघत राहिली. कळेचना तिला. तिने मला काहीतरी विचारलं, दुसऱ्या खंडातलं. मला कळेना. ती आपलं तिच्यातलं बोलतेय, मी माझ्यातलं, आमचे हे ताटात बघतायत. आणि मग जावयाने चमचा खाली ठेवला, रुमालाने तोंड पुसलं, आणि आपल्या भाषेत मुलीला सांगितलं, 'आई म्हणताहेत की मी बैलासारखा पातेलं संपवतो.' मग माझ्याकडे वळला. 'आणि ती विचारते आहे, तुम्हाला बरं वाटतंय ना.'

अहो, शब्दकोश त्यानेच केलेला. तुमचा तो दोन खंडांचा. आत पहिल्या पानावर नाव आहे, सहायक म्हणून, तरुणपणी केला म्हणे. प्रस्तावना कोण वाचतं? तुम्ही वाचायला हवी होती, दुकान तुमचं आहे. दुनियेतल्या इतक्या भाषा, इतके शब्दकोश, आणि जावयापासून लपायला तुम्ही मला जावयाचंच पुस्तक दिलंत.

हो, मग बंद करायला हवं होतं. केलं नाही. का नाही केलं ते मलाही — म्हणजे चिडून केलं नाही. रोज जेवायला बसलं की मी त्याच्या समोर त्याला शिव्या द्यायची, पहिल्या खंडातल्या, आणि तो त्या शिव्या मुलीला नीट समजावून सांगायचा. एखादी अडली तर मदत करायचा. 'इथे तुम्हाला आळशी म्हणायचंय की सुस्त?' ती दुसऱ्या खंडातून त्याची बाजू घ्यायची, तो तेही सांगायचा, 'ती म्हणते, राहू द्या आता.' मध्ये बसलेला असायचा, एकदा इकडे मान, एकदा तिकडे. जेवण गार व्हायचं. आमच्या घरात इतकं बोलणं कधी झालंच नव्हतं, खरं सांगायचं तर. मुलगी हसायची. तिच्या लहानपणी मी सतत ड्यूटीवर, ती माझा आवाज स्थानकात येऊन ऐकायची, बाकावर बसून — घरी आले की मला बोलायचा कंटाळा. ते तुम्हाला कशाला सांगतेय मी. ते हिरवं पुस्तक कसलं आहे? नको. राहू दे.

मग त्यांनी सांगितलं की ते जाणार. त्याच्या देशात. दोघं. तिकिटं काढली, बॅगा आणल्या, तिने दुकानातली नोकरी सोडल्याचं कळवलं, सगळं झाल्यावर मला सांगितलं. मी त्याला बाजूला घेतलं, म्हणजे अख्ख्या इमारतीने ऐकलंच असणार, आणि विचारलं, का नेताय तिला? तर म्हणतो, 'मी नेत नाही, आई. माझं काम तर इथेच आहे.' म्हणजे काय? ती नेतेय त्याला? किती लबाड. आपल्या भाषेत खोटं बोलायलासुद्धा शिकला, तेही न अडखळता.

मला मुलीशी बोलायचं होतं. एकटीशी. त्याला मध्ये न घेता. आणि आपल्या भाषेत बोलायचं तर ते — तुम्हाला मुलगी आहे? नाही? मग तुम्हाला नाही कळायचं. आपल्या भाषेत ते शब्द माझ्या तोंडून निघतच नाहीत. घोषणा निघते. 'प्रवाशांनी कृपया' असं सुरू होतं. म्हणून काल जेवताना मी त्या भाषेत बोलले. शब्द नव्हतेच पुरेसे, अर्धी भाषा ती, जे होते ते मांडले — आई. अंधार. गच्ची. खुर्ची. अर्धी. बस्स. आणि तिने नेहमीसारखं त्याच्याकडे बघितलं. मी म्हटलं आता सांगेल, आईला गच्चीवर खुर्ची हवीय. पण त्याने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, 'आई म्हणताहेत, जाऊ नकोस.'

मी तसं म्हटलं नव्हतं. लिहून घ्या, तसं एकही अक्षर मी म्हटलं नव्हतं. याला कोणी सांगितलं माझ्या वतीने बोलायला? माझं तोंड काय सार्वजनिक आहे?

आणि मुलीने उत्तर दिलं. एकच शब्द. माझ्याकडे बघून, त्याच भाषेत, त्याच्याकडे नाही बघितलं. दोनदा म्हणाली. मी त्याच्याकडे वळले, म्हटलं, सांगा. तर हा माणूस, ज्याने दोन्ही खंड केले, जो आळशी आणि सुस्त यांच्यातला फरक मला घास खाली ठेवून समजावतो, हा माणूस पाण्याचा पेला हातात घेऊन म्हणतो, 'मला हा शब्द येत नाही.' आणि सकाळी उठून बघते तर दोन्ही खंड कपाटातून गायब. माझासुद्धा. विचारलं तर म्हणे बांधणीला दिलेत. नवीनच्या नवीन पुस्तकं बांधणीला.

तर ते डोंगरापलीकडचं व्याकरण राहू द्या. दुसरी भाषा शिकायला आता वेळ कुठे आहे, शुक्रवारी निघतायत ते. तुमच्याकडे तोच शब्दकोश अजून आहे ना? दिसतोय की, तो मागच्या रांगेत, तपकिरी. सुटा खंड विकत नाही हे मला माहितीये, मला विकत नकोय, बघायचंय फक्त. मी नाही, तुम्ही बघा. मी दुसऱ्या खंडाला हात लावत नाही, आमचं ठरलंय. शब्द मी सांगते. रात्रभर म्हणत होते, विसरायचा प्रश्न नाही. लिपी तुम्हाला येत नसेल तर आकार काढून दाखवते, आणा तो कागद. हा असा. मग हा, पोट बाहेर. मग शेपटी. आता शोधा. त्याच्या पुढे असेल. अजून पुढे. एवढं हळूहळू उलटताय कशाला, पान काय मोडणार आहे? तिथे. बोटाखाली आहे तुमच्या.

वाचा.

मोठ्याने वाचा, तुमचा आवाज म्हणजे अगदीच.

काय?

पुन्हा.

गुदमरणे. श्वास कोंडणे. उदाहरण काय दिलंय? 'खोलीत धूर भरल्यामुळे ती गुदमरली.' बघा, कसं चुकीचं आहे ते. आमच्या घरात धूर नाही. कोणी विडी ओढत नाही. समोरासमोर खिडक्या आहेत, दुपारी इतका वारा येतो की त्याची कार्डं उडतात, मी स्वतः वेचलीयेत. तुम्ही वरचा शब्द वाचलात. खालचा बघा. खालच्याचा अर्थ 'गुडघा' आहे? तो नसेल मग. पण हा शब्दकोशच भरवशाचा नाही, केला कोणी ते सांगितलं ना मी तुम्हाला — जो माणूस जेवणाच्या टेबलावर खोटं बोलतो तो पुस्तकात खरं लिहील? दुसऱ्या कोणाचा दाखवा. याच भाषेचा, पण दुसऱ्या माणसाने केलेला. लहान चालेल. खिशातला चालेल. त्यात वेगळा अर्थ असेल, असतोच, एका शब्दाचा काही एकच अर्थ नसतो, तुम्हीच म्हणाला होतात की दोन शब्दकोश ताडून बघावेत.

नाही म्हणजे? दुसऱ्या कोणी केलेलाच नाही?

अख्ख्या दुनियेत?

मिटा तो. नाही, आणखी काही दाखवू नका. दारात गिऱ्हाईक उभं आहे, जा, त्यांच्याकडे बघा. त्यांना मागे उत्तरं असलेलं द्या.