काळजीचं मीटर

(स्वयंपाकघर, दिवेलागणीची वेळ. वहिनी बाहेरून नुकतीच आलेली. तिचा नवरा, म्हणजे दादा, प्रवासी लाँचचा कप्तान, भिंतीला टेकून बसलाय. समोर त्याची धाकटी बहीण चिमी. ती हवामान कार्यालयात समुद्राचा रोजचा अंदाज लिहिते.)

वहिनी — ते सगळं खरं, वन्सं. पण उद्या चौकशीत गप्प बसून तुमचा फायदा किती, तेवढं आधी सांगा. खुर्ची राहील, अब्रू राहील, साहेब जाता-येता हसतील. आणखी काही राहिलं का?

चिमी — वहिनी, मला पाणी तरी पिऊ दे.

वहिनी — प्या की. पाण्याने उत्तर बदलतं का बघू.

दादा — अगं, कामावरून थेट आलीय ती.

वहिनी — मग मी काय फिरून आले? दवाखान्यात डबा देऊनच येतेय.

चिमी — कसे आहेत लाँचवरचे मिस्त्री?

वहिनी — कसे असणार? हात काढला. मनगटाच्या वर. उजवा.

दादा — माझ्या डोळ्यांदेखत झालं, चिमे. बेटावर पोचलो होतो. उतारू सगळे उतरलेले. मिस्त्री इंजिन सोडून वर आला आणि लाँच नि धक्का यांच्या मध्ये टायर सरकवायला वाकला. वारा नाही, आभाळात बोटभर ढग नाही. आणि खालून कोणीतरी लाँच उचलून आपटावी तशी लाट.

चिमी — लांबच्या वादळाची लाट होती ती. वादळ तिकडे भर समुद्रात, आपल्यापासून कुठल्या कुठे. त्याचा पाऊस इकडे येत नाही, वारा येत नाही, नुसती लाट चालत येते. मी लिहिलं होतं, दादा. अडीच मीटर.

दादा — वाचलं होतं.

चिमी — दोनच्या वर लाँच सोडायची नाही, हा नियम आहे.

दादा — तुझं अडीच म्हणजे आमचं दीड. धक्क्यावर कोणालाही विचार.

वहिनी — आता आलात मुद्द्यावर. ते मधलं एक मीटर कोणाचं, हे उद्या कोण सांगणार?

चिमी — आमच्यात त्याला काळजीचं मीटर म्हणतात. जुन्या साहेबांनी सुरू केलं. लाट सांगितल्यापेक्षा मोठी निघाली तर लोक शिव्या घालतात. लहान निघाली तर कोणी हार घालत नाही, पण शिव्याही वाचतात. म्हणून येईल त्या आकड्यात एक घाला म्हणाले. कागदावर कुठे नाही. सगळं तोंडी.

दादा — आणि आम्ही एक काढायचो. तेही तोंडीच. धक्क्यावरचा साहेबसुद्धा एक वजा करूनच परवानगीचा शिक्का मारतो. इतकी वर्षं संसार सुखाचा चालला होता. तुम्ही घालायचं, आम्ही काढायचं.

चिमी — नव्या साहेबांनी बंद केलं. म्हणाले, रोज चुकणाऱ्या अंदाजाखाली सही करायची मला लाज वाटते. येईल तोच आकडा जाऊ दे. आठवडा झाला. समुद्र शांतच होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

वहिनी — मग तसं जाहीर करायला काय जीभ झडली होती?

चिमी — मी विचारलं की. म्हणाले, आजपासून खरं सांगतो असं छापलं, तर कालपर्यंत काय सांगत होतात असं लोक विचारतील.

दादा — हे मात्र पक्कं डोकं आहे.

वहिनी — हसताय काय? सख्ख्या भावाच्या कानावर तरी घालायचं.

चिमी — फोन केला होता मी काल सकाळी. तूच उचललास.

वहिनी — उचलला. काय म्हणालात? "दादाला म्हणावं, आज जपून जा."

चिमी — शेजारी साहेब उभे होते. आणखी काय बोलणार?

वहिनी — अहो वन्सं, जपून जा हे तुम्ही रोज म्हणता. या घरात आले त्या दिवसापासून ऐकतेय. बाजारात जाते, तर जपून. जिना उतरते, तर जपून. आंघोळीला निघाले तरी जपून. त्यातलं एक मीटर मीही वजा करते.

दादा — तिने निरोप दिला होता मला. चहा पिताना. मीच म्हटलं, चिमी ना? मग आज लख्ख ऊन पडणार.

चिमी — पडलंही.

दादा — हो. पडलं ना.

चिमी — मी सांगते उद्या.

दादा — काय सांगतेस?

चिमी — एक मीटर वाढवायची पद्धत होती, ती कोणाला न कळवता बंद केली, आणि म्हणून कप्तान फसला.

दादा — वेडी आहेस. कार्यालयाचं नाक कापलं म्हणून घरी बसवतील. तुझं सगळं घर तुझ्या एकटीवर.

चिमी — बसवू देत. कंटाळले रे मी. आपण लिहायचं, आणि लोकांनी त्यातून वजा करून उरेल तेवढंच वाचायचं.

दादा — त्यापेक्षा माझा परवाना जाऊ दे. तसाही आता किती दिवस चालवणार? गुडघे शिडी चढू देत नाहीत.

चिमी — आणि घरी बसून करशील काय? वहिनीला वळण लावशील?

वहिनी — झालं? दोघांचं देऊन झालं? मग ऐका. कोणालाच काही द्यायचं नाहीये.

दादा — म्हणजे?

वहिनी — मिस्त्रींनी दुपारी जबाब दिला. मी खाटेपाशीच होते. म्हणाले, कप्तान नको म्हणत होता, मीच म्हटलं दीडच आहे, चला. इंजिन मीच चालू केलं. टायर सरकवायला मला कोणी सांगितलं नव्हतं. असं सगळं लिहून घ्यायला लावलं आणि खाली अंगठा दिला. सही उजव्या हाताची होती ना, म्हणून अंगठा. डावा.

दादा — साफ खोटं! नको तोच म्हणत होता. पाणी खालून जड लागतंय, कप्तान, आज राहू दे म्हणाला. मी हसलो त्याला.

वहिनी — माहीत आहे मला.

चिमी — मग असं का केलं त्यांनी?

वहिनी — तेच विचारलं. म्हणाले, मी काही आता बोटीवर चढत नाही. चूक माझ्या नावावर पडली काय नि नाही काय, माझं कोण काय काढून घेणार? कप्तान राहिला पाहिजे. माझा जावई गॅरेजमध्ये सडतोय, त्याला इंजिन कळतं. त्याला लाँचवर घ्या म्हणावं.

चिमी — आणि तू हे घेऊन इतका वेळ बसलीस? मला इतकं टोचून टोचून...

वहिनी — दारातच सांगितलं असतं तर दोघांनी सुटलो म्हणून हुश्श केलं असतं. म्हटलं बघावं तरी, कोण काय काढून ठेवतं. काढलंत. बरं वाटलं.

दादा — मी जातो उद्या. जे झालं ते सांगतो.

वहिनी — सांगा. परवाना गेला की जावयाला कोण घेणार? मी?

दादा — (भिंतीचा टेकू सोडून उठू लागतो.)

वहिनी — बसा. वाढते.

चिमी — मलाही कोणी काही विचारणार नाही आता. जबाब हातात आल्यावर आमच्या साहेबांना खोलात जायचं नाही, आणि धक्क्यावरच्या साहेबांना तर नाहीच नाही.

दादा — जावयाला कळव. परवापासून ये म्हणावं.

वहिनी — कळवलंय.

दादा — म्हणजे हातही त्याचाच गेला, आणि चूकही त्यानेच पदरात घेतली. आपल्या घरातून काय गेलं गं?

वहिनी — डबा गेला. तोही अर्धा परत आलाय.