अस्तरावरची फुली

नाही हो बाई, डोक्यावर-बिक्यावर नाही पडली कधी. पुढचं विचारा. मांजरांना छळायची का? अहो, मांजरच तिला छळायचं — उशीवर ऐसपैस पसरायचं आणि ही अंग चोरून भिंतीकडे! हसू नका, लिहा तसंच. बाप प्यायचा का — प्यायचा, तर! गल्लीतल्या निम्म्या पोरींचे बाप प्यायचे. त्यातली एक नर्स झाली, एक शाळेत शिकवते, आणि कोटांवर कात्री चालवली ती एकट्या माझ्या नातीनं. तेव्हा बापाला तुमच्या फॉर्मातल्या त्या चौकोनात कोंबून काही हाती लागायचं नाही. आई गेली तेव्हा पाचाची होती. तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी माझ्याबरोबर कारखान्यात आली. बास. मला कळतंय तुम्हाला काय हवंय ते — माणूस असं का वागतं याचं एक कारण सापडावं, चांगलं चौकोनात मावेल असं. उद्या द्यायचाय ना तिच्या तपासणीचा कागद कोर्टात?

मी सांगितलंय की सगळं आधीच. वकील म्हणाला, आजी, पोर लहानपणापासूनच तशी आहे म्हणा, डोक्याचा आजार ठरला की सुटेल. म्हणून म्हटलं. नऊ वर्षांची असताना तिनं एक कोट कापला होता, तिला तसा झटकाच येतो — हो, तोच जबाब, तुमच्या मांडीवर आहे तो, खाली माझा अंगठा आहे. तेच धरून चाला... काय? सुटणार नाही? मग कुठं ठेवणार? इस्पितळात. बरं, किती दिवस? — म्हणजे तारीखच नाही? डॉक्टर हो म्हणेपर्यंत? आणि नाहीच म्हणाले तर? — वकील हे बोलला नाही हो मला.

थांबा. पाणी पिते घोटभर.

तुम्हाला कारखाना माहीत नाही ना, म्हणून सांगते. आम्ही बायका काजं करायचो — बटणं जातात ती भोकं. कोट शिवून होतो आणि सगळ्यात शेवटी काज कापतात. म्हणजे बाकीच्यांची चूक उसवता येते, आमची नाही. कात्री इकडची तिकडे झाली की अख्खा कोट बाद. म्हणून मास्तरचा नियम होता, जिनं काज केलं तिनं अस्तरावर खडूनं आपली खूण करायची. कुणाची चांदणी, कुणाचा गोल, शिकलेल्या होत्या त्या अक्षर काढायच्या. माझी फुली. आता तुमचं पेन कागदावर दोनदा-दोनदा खरखरतंय ना, तश्शीच.

तर नवव्या वर्षीच्या त्या पहिल्या कोटापासून मास्तर पोरीला 'कात्री' म्हणायला लागला. मग सगळेच. पुढं ती तिथंच कामाला लागली, काजं अशी करायची की बघत राहावं — पण कापायला मिळायचं नाही! सगळ्या बायकांच्या गळ्यात कात्र्या, आणि ही दातानं दोरा तोडायची. काज कापायचं तर कोट घेऊन मास्तरसमोर उभं राहायचं, तो कापून देणार. आठ वर्षं, बाई. कधी काही बिघडलं की मास्तर मान वर न करता म्हणायचा, "कात्रीला विचारा." त्या दिवशीही तेच झालं. नवीन पोरीच्या हातून कोट गेला आणि मास्तर माझ्या नातीकडं बोट करून सगळ्यांदेखत म्हणाला, "हिच्या रक्तातच आहे ते." मग हिनं उठून त्याच्या टेबलावरची कात्री घेतली. अकरा कोट. माणसाला हात लावला नाही, पण.

फोटो आहेत? धरा जवळ, अजून जवळ — छे, नुसतं काळं दिसतंय. तुम्हीच सांगा. वरून मोजा, कितव्या काजापासून फाटलाय? तिसऱ्या. आणि तो दुसरा? तोही तिसऱ्या. काठापर्यंत, सरळ? ...सगळे?

आणि आत, अस्तरावर — काय म्हणालात? फुली?

तिची खूण फुली नाही हो. तिची खूण गोल. फुली आता तिथं कुणाचीच नाही.

खाली ठेवा ते फोटो. लिहू नका इतक्यात, ऐका. डोळे माझे ती नऊ वर्षांची होती तेव्हाच अधू व्हायला लागले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. एक कोट आधीच गेला होता माझ्या हातून, मास्तर म्हणाला होता, आजी, पुढच्या खेपेला घरी बसा. घरी बसून काय करणार होते मी, पोरीला घेऊन? तिसरं काज होतं. कात्री सरकली ती थेट काठापर्यंत. मास्तरच्या चपला वाजल्या. पोर टेबलाखाली बटणं निवडत बसलेली — मी म्हटलं, "बाळा, ही धर जरा." तिनं धरली. आजी देते म्हटल्यावर धरणारच ना! मास्तर दारात आला आणि मी तिच्या थोबाडीत मारली. त्याच्याआधी मीच. जोरात — खरं वाटायला नको? ती रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, मग कोटाकडं, मग त्या अस्तरावरच्या फुलीकडं. मला वाटलं, नऊ वर्षांचं पोर, विसरेल. खाऊनपिऊन झोपली की विसरेल.

कधी बोलली नाही. पंधरा वर्षं माझ्या ताटात वाढत होती, माझ्या डोळ्यांत औषध घालत होती, मान वर कर गं आजी म्हणायची, आणि एकदाही नाही.

तुम्ही म्हणता आजार. मास्तर म्हणतो रक्त. वकील म्हणतो झटका. आणि ती तिथं कोठडीत गप्प बसलीये, कारण तिला बोलायचं होतं ते तिनं अकरा वेळा लिहून ठेवलंय.

आता लिहा. त्या जबाबावर काट मारा आणि मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहा, मी सांगितलं तसं, थोबाडीत मारलं तेसुद्धा. ...झालं? वाचा. — "कदाचित" खोडा. मी कदाचित म्हटलं नव्हतं.

द्या इकडं पेन. शाई नको, अंगठा नको, अंगठा काय कुणाचाही सारखाच दिसतो. बोट धरा माझं, कागद कुठं संपतो ते दाखवा — इथं? फुली मारते. कोर्टाला नाही कळली तर नाही कळली. आधी तिला दाखवा.

उठा आता. बोलू नका काही, जा. दार ओढून घ्या.