सायबीण शेजारच्या घरी

नको, चहा नको, शांतावहिनी, बसायला नाही आले मी — आणि मूर्तीपुढचा तो दिवाही माझ्यासाठी विझवू नकोस, जळू दे, घर तुझं आहे. मला एवढंच सांग, काल तू सायबिणीला आत घेतलंसच कसं? मी ख्रिस्ती असून माझ्याच दारात खांबासारखी उभी, आणि तू पदर सावरत पुढे झालीस. द्या इकडे, म्हणालीस, आमच्या ग्रामदेवीची, केळबायची बहीण ती, दारातून परत कशी पाठवू. बहीण म्हणे. या मुळगावात कोण कुणाची बहीण, हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कळत नाही.

हसू नकोस, रागावलेय मी. तुझ्यावर नाही — तुझ्यावरही. सायबीण, म्हणजे मरियेची ही मूर्ती, दर वर्षी आमच्या वस्तीत, या वाड्यावर घरोघर फिरते, एक रात्र एका घरी, हे काय मला नवीन आहे? काल आमची पाळी होती. पाय मोडून पलंगावर पडलेली माझी सासू, आमची मांय, पण तिने सकाळीच केसांना तेल लावून घेतलं, ठेवणीतला झगा काढायला लावला. मी चणे उकडले, वर खोबरं घातलं, प्रार्थनेला येतील त्यांना वाटायला. का नाही करणार? चण्यांशी माझं काय वैर? एरवी आमचे हे असतात, मिंगेल, तेच दारात मूर्ती हातात घेतात आणि मी आपली स्वयंपाकघरात. कुणाचंच काही बिघडत नाही. काल नेमकी त्यांची खनिज वाहायची बोट, बार्ज, नदीत अडकली. अख्खा वाडा मेणबत्त्या घेऊन दाराशी, गाणं थांबलेलं, आणि वाड्यावरची रुझारीनबाय मूर्ती पुढे करून उभी. घरातल्याच माणसाने घ्यायची, असा रिवाज. घे गो, म्हणाली. माझे हात वर आलेच नाहीत.

गर्व नाही, वहिनी. कोल्हापूरला माहेरी, आमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये एक लाकडी क्रूस, बाकी भिंती कोऱ्या. मूर्तीपुढे वाकायचं नाही हे आम्ही अक्षरं गिरवायच्या आधी शिकतो. मरिया धन्य आहे, प्रभूची आई आहे — मी कुठे नाही म्हणते? पण मागायचं ते त्याच्याकडे, मध्ये कुणी नाही. हे एवढंच. तर रुझारीनबाय मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, हिला आईच नको, ही काय दगडातून आली? दोन वर्षं ही माणसं कोंकणीसाठी भांडली, आता गोव्याचं राज्य झालं, भाषा ठरली, भांडायला उरले मी — मराठीत प्रार्थना करणारी.

मांय? पलंगावरून तिला सगळं ऐकू येतं — गाणं जवळ आलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि लांब गेलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. पेज ठेवली ती तशीच, वर साय धरली. एरवी आम्ही रोज वाद घालतो, तांदूळ निवडता निवडता. ती म्हणते, बापाकडे काही मागायचं तर आपण आधी आईच्या कानात सांगतो की नाही, तसंच हे. मी म्हणते, मांय, बायबलात दाखवा. ती म्हणते, घरात बघ. आता घरात काय बघू? मी बोलायला लागायच्या आत माझी आई गेली. कानात सांगायला होतंच कोण? फ्रॉक फाटला तरी बापाला, ताप आला तरी बापाला, आणि मोठी झाल्यावर जे बापाला सांगायचं नसतं तेसुद्धा — जाऊ दे. हे सांगायला नव्हते आले मी.

माझी वेणी पहिल्यांदा कुणी घातली, माहीत आहे? मांयनेच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. केस ओढले जातायत का, असं विचारत विचारत. आणि तिने एकच गोष्ट मागितली माझ्याकडे — सायबीण घरात यावी.

संध्याकाळी तुझ्याकडून सायबीण मये गावच्या वाटेवरच्या घरांकडे जाईल, मग पुढच्या वर्षीच. मांयला पुढचं वर्ष आहे की नाही, कोण सांगणार? नको, तू आणू नकोस आमच्याकडे. मी दारातून जाऊ दिली ती जाऊ दिली, आता तुझ्या हातांनी मागच्या दाराने आत घेतली तर ती लबाडी होईल, आणि मांयला लबाडी लगेच कळते. मी स्वतःही हात लावणार नाही. आजही नाही. डोळे भरून आले म्हणून माझं मत बदलत नाही, उगाच पाहू नकोस अशी.

पण मांयला हात लावायला मला कुणी मना केलंय? अंगात काही उरलं नाही तिच्या, पाठुंगळीला घेऊन येईन. तू ती वाटेतली कळशी उचल, आणि मूर्तीसमोर जाडसर काहीतरी अंथर — पाय धड नसला तरी गुडघे टेकायचा हट्ट धरेलच ती. तिला आत सोडून मी बाहेर पायरीवर बसेन. बसेन म्हणजे बसेन. बोलू नकोस आता काही. दार तेवढं सताड उघडून ठेव, आम्ही दोघी एका दमात आत यायला हव्यात.