धाकटीच्या गोष्टीतल्या चुका

— नाही मॅडम, मैत्रिणीकडे नाही, मामाकडे नाही, सगळीकडे विचारून झालं. मंगळवारी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून सुटली ती घरी आलीच नाही. आज गुरुवार. सज्ञान आहे, मान्य — तेवीस वर्षांची आहे — पण म्हणून न सांगता निघून जाणारी नाही हो माझी बहीण! तुम्ही आधी तक्रार लिहायला घ्या ना. हात जोडतो.

मी काय करतो? पटकथा दुरुस्त करतो. म्हणजे लोक सिनेमे लिहितात, खुनाचे, पाठलागाचे, आणि कुठंतरी अडकले की माझ्याकडे आणतात. मी सांगतो — इथं प्रेक्षक जांभई देणार, इथं खुनी आधीच ओळखू येतोय, आणि मुळात तुमचा सिनेमा कुठल्या जातीचा ते ठरवा. फरक असतो ना — गुन्हा होऊन गेलाय, कुणी केला ते शोधायचं, हा एक प्रकार; आणि गुन्हा अजून व्हायचाय, आपल्याला दिसतोय, पण थांबवता येत नाही, हा दुसरा. दुसरा अवघड — असं मीच वर तोंड करून शिकवतो लोकांना. हो हो, मुद्द्यावर येतो. मुद्द्यावरच आहे मी, मॅडम.

धाकटीलाही तेच वेड. दर रविवारी चहाला बसलो की हिची नवी गोष्ट. आणि सवय मीच लावली — भीतीची गोष्ट 'ती' म्हणून नाही सांगायची, 'मी' म्हणून सांग, ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. त्यामुळे हिच्या सगळ्या गोष्टी 'मी'च्या. कधी हिलाच तळघरात कोंडलेलं, कधी हीच खुनी! आई ओरडायची, काय अभद्र बोलतेस म्हणून. तर गेल्या रविवारी म्हणाली, "दादा, एक माणूस रोज माझ्या मागं येतो. दुकानासमोर उभा असतो, आत काही येत नाही." आणि मी — अहो, मी काय म्हणालो असेन? म्हणालो, सुरुवात झकास, पण हेतू कुठाय? उगाच कशाला कोण मागं येईल? तुम्हीही आत्ता हेच विचारलंत ना मला? अगदी याच शब्दांत! मीही असाच बसलो होतो, खुर्चीला टेकून, निवांत... माफ करा. डोकं ठिकाणावर नाही माझं.

ती म्हणाली, "दादा, खरंच." मी म्हणालो, वा, हे वाक्य ठेव. रडत होती का? नाही, आवाज कापत होता. मला वाटलं, आता कुठं जमायला लागलंय हिला. शाबासकी दिली हो मी तिला! पाठीवर थाप मारली!

लिहिताय? लिहा, लिहा, फार उपकार होतील. काय — दिसायला कसा होता? उंची, वय, कपडे... सांगतो ना. तीही तेच सांगायला लागली होती, "दादा, त्याचा चेहरा—" आणि मी हात वर केला. म्हणालो, थांब, एवढ्यात चेहरा दाखवायचा नाही, चेहरा दिसला की भीती गेली, मध्यंतरापर्यंत झाकून ठेव. "बरं," म्हणाली, आणि कपबशा उचलून आत गेली.

नाही मॅडम. ते मला माहीत नाही.