शिवलेलं दार

अग्निशमन कचेरीत उन्हाळी कार्यक्रमांच्या परवानगीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे एक मांडववाला आणि त्याची बायको उभी होती.

“साहेबांनी विचारलं तर दोन दारं आहेत म्हणून सांगायचं.”

“आहेत का?”

“आहेत की! मागचं फक्त शिवून टाकलंय.”

“अहो, दार कुणी शिवतं का?”

“मग काय करू? कापडाचा मांडव. सगळे फुकटे तिथूनच आत घुसतात.”

“आणि आग लागली तर?”

“जरा शुभ बोल की! पुढचं दार आहे ना.”

“त्या दारात तुम्ही जनरेटर ठेवलाय. डिझेलच्या कॅनसकट.”

“तिथे सावली असते.”

“आणि आग विझवायचे ते लाल सिलिंडर?”

“कुलपात. गेल्या वर्षी लोकांनी पळवले होते.”

“किल्ली?”

“माझ्या खिशात. मी काय एवढा बिनडोक वाटलो तुला?”

“छे हो! बरं, सासूबाईंना कुठे बसवणार?”

“आईला ना? मागे, दाराजवळ. तिथे तिला वारा लागतो.”

“कुठल्या दाराजवळ?”

रांग पुढे सरकली. तो जागचा हलला नाही. मग त्याने खिशातून फोन काढला.

“हॅलो, दादा? कात्री घे आणि मागचं दार उसव. हो, सगळं! फुकटे आले तर येऊ देत, बसतील बिचारे. चल, ठेवतो.”

“ठेवू नका. जनरेटर हलवायलाही सांगा.”

“आता त्याचं काय मध्येच?”

“पुढच्या दाराशी माझी आई बसणार आहे.”