खिडकीची रबरी पट्टी चोरीस गेल्याबाबत

मी, तक्रारदाराची मुलगी, वय ४३, धंदा चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहणार रेल्वे पुलापलीकडची वसाहत, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, तक्रारदार माझे वडील असून ते एकटे राहतात. त्यांच्या खोलीच्या खिडक्या जुन्या, एकेरी काचेच्या होत्या. हिवाळ्यात हीटर दिवसभर चालवूनही खोली गार पडे. म्हणून मी रोज कामावरून सुटल्यावर तिथे जाऊन फटींत चिंध्या कोंबत असे आणि थंडी फार असली तर मुक्काम करत असे. माझ्या येण्यावर बाबा रोज कुरकुर करत.

यंदा मी तीन काचांच्या खिडक्या बसवून घेतल्या. काचांमधल्या बंद पोकळीमुळे आतली ऊब बाहेर जात नाही, हीटर थोडा वेळ लावला तरी पुरतो. मी बाबांना म्हटले, "चला, तुमची काळजी मिटली." त्यानंतर माझे जाणे कमी झाले.

परवा बाबांनी तक्रार दिली की, एका खिडकीच्या कडेची रबरी पट्टी चोरीस गेली असून खोलीत वारा शिरतो. संशय खिडक्या बसवणाऱ्या कारागिरावर घेतला. त्याच्या मालकाने त्याला घरी बसवले आहे. कारागीर मला म्हणाला, "ताई, पट्टी तुमच्या खिडकीच्या मापाची. मी नेऊन तिचं काय लोणचं घालू?"

आज सकाळी बाबांची शाल काढताना ती पट्टी मला त्यांच्याच कपाटात मिळाली. नीट वेटोळे करून वर दोरा बांधला होता. बाबा म्हणाले, "चोराने ठेवली असेल." मी म्हटले, "आणि दोरा?" बाबा म्हणाले, "माणूस व्यवस्थित दिसतोय." मग जरा वेळाने म्हणाले, "आलीच आहेस तर जेवून जा."

मला त्यांचा राग आला आणि माझी स्वतःची लाज वाटली. साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा.

पट्टी सोबत हजर केली आहे. कारागिराचा काही दोष नाही, तसे त्याच्या मालकाला आजच कळवावे. कारागीर पट्टी लगेच बसवून द्यायला तयार आहे. मी त्याला हिवाळा सरल्यावर ये म्हटले. तोवर मी बाबांकडे राहणार आहे.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, बाकावर बसलेल्या बाबांनाही तो ऐकू गेला. मी सांगितला तसाच आहे. बाबांनी काही दुरुस्ती सुचवली नाही.