अकराच्या तारा

फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या एका इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत मशिनने शिटी दिली नि शांतता मोडली. आयनो मशिनमधून लेकीचे, हिल्माचे, ओले मोजे काढू लागली. बाकावरचे दोन तरुण गप्पांना लागले.

“गिटारला तारा कुठल्या लावतोस?”

“नऊ नंबरच्या. बोटं सोलत नाहीत.”

“त्यापेक्षा शेवया लाव! मी जाड अकराच्या लावतो. हे घट्टे बघ.”

“मिरवू नकोस रे! शनिवारी सरावाला तिसरं कुणी मिळालं तर बघ.”

“या इमारतीत? इथे सगळ्या आज्या नि लेकुरवाळ्या!”

हिल्मा होईपर्यंत आयनो त्याहून जाड, बाराच्या तारा वाजवायची. तिने अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरवला. टोकं लोण्यासारखी मऊ लागली. तिने मोजा करकचून पिळला.

शेजारी उभी असलेली चार वर्षांची हिल्मा मोठ्याने म्हणाली, “आई, तू त्या दादाच्या हाताकडे रागाने का बघतेस?”